भोक असलेलं वजन

शाळेच्या प्रयोगशाळेतली वजनपेटी मोठी देखणी वस्तू. लाकडी खाचांत बसलेली पितळी वजनं, 50, 20, 20, 10, 5, 2, 2, 1 अशी त्यांची उतरंड, आणि बोटांचा घाम लागू नये म्हणून सोबत चिमटा. एवढ्या आठ नगांत 1 ते 110 पर्यंतचा कुठलाही पूर्ण ग्रॅम तोलता येतो. पण हे सौंदर्य कुलपातलं. चाळीस मुलांत एक पेटी, म्हणजे एकानं तोलायचं आणि बाकीच्यांनी माना उंचावून बघायचं. माझं मन रमतं ते लोखंडी वॉशरवर.

पुण्याच्या बोहरी आळीसारख्या हार्डवेअरच्या बाजारात तो चिल्लर किमतीला मिळतो. एकाच मापाचे वॉशर एका जाडीच्या पत्र्यातून एकाच साच्यानं छाटलेले असतात, त्यामुळे वजनालाही जवळपास सारखे उतरतात. शिकवताना नेमकं हेच हवं असतं. तरफेचा नियम समजायला ग्रॅम कशाला? पट्टीच्या मध्याखाली पेन्सिल ठेवा, एका बाजूला 4 सेंटिमीटरवर तीन वॉशर, दुसऱ्या बाजूला 6 सेंटिमीटरवर दोन. पट्टी आडवी राहते, कारण बारा बरोबर बारा. (पेन्सिल षट्कोनी घ्यावी. ती थोडीफार चूक पोटात घालते, गोल पेन्सिल लोळत जाते.) इथे वॉशरचं भोक कामी येतं. त्यातून खालची रेघ दिसते, त्यामुळे वॉशरचा मध्य बरोबर खुणेवर बसवता येतो. पितळी वजनाखाली ती रेघ झाकून जाते.

लंबकाच्या प्रयोगात हेच भोक गोत्यातही आणतं. सुमारे 25 सेंटिमीटर दोऱ्याचा एक पूर्ण झोका एका सेकंदाचा. एक वॉशर लावा नाहीतर तीन, वेळ तेवढाच यायला हवा. पण मुलं हौसेनं वॉशर एकाखाली एक ओवतात. गुरुत्वमध्य 2 सेंटिमीटर खाली सरकला, तर वीस झोक्यांत पाऊण सेकंदाची वाढ दिसते, आणि मग वर्ग अगदी प्रामाणिकपणे लिहितो की जड लंबक हळू हलतो. एकाच वाकवलेल्या यू पिनेत सगळे शेजारी शेजारी अडकवले की ही भानगड मिटते. मी असतो तर आधी चुकीच्या पद्धतीनंच ओवू दिले असते.

नाण्यांचा मोह पुष्कळांना होतो. पण 1992चा स्टीलचा रुपया 4.85 ग्रॅमचा, 2011चा 3.79चा आणि 2019चा 3.09चा. खिशातली मूठभर नाणी एकसारखी निघतील ही आशाच सोडा.

ग्रॅमहून बारीक कामाला मात्र कागदासारखी चीज नाही. ए-फोर कागदाचं क्षेत्रफळ चौरस मीटरचा सोळावा भाग, आणि रिमवर 80 जीएसएम छापलेलं असेल तर चौरस मीटरचं वजन 80 ग्रॅम. म्हणजे एक पान 5 ग्रॅमचं. अर्धं कापलं की अडीच. आलेखाच्या रेघा आखून एक सेंटिमीटरचा चौकोन कापला की 8 मिलिग्रॅम, आणि स्ट्रॉला टाचणी टोचून केलेला तराजू एवढ्यानंही कलतो. सराफाची गुंज, 96 गुंजांचा तोळा धरला तर, जेमतेम 0.12 ग्रॅमची, म्हणजे असे पंधरा चौकोन. गुंजेच्या बिया मात्र विषारी, वर्गात आणू नयेत. कागदाचा दोष एकच, पावसाळ्यात तो ओल धरतो आणि जड होतो. आदल्या दिवशी फोडलेला रिम वापरू नये.

आता वॉशरचे ग्रॅम हवेच असतील, तर औषधाच्या दुकानातली 5 मिलीची सिरिंज आणा, सुई नको. एक मिली पाणी म्हणजे एक ग्रॅम, वर्गातल्या कामापुरतं. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखे पेले ठेवायचे, एकात वॉशर टाकायचा आणि काटा मध्यावर येईपर्यंत दुसऱ्यात पाणी सोडायचं. पण एकच वॉशर तोलू नका. दहा एकदम टाका. सिरिंज पुन्हा पुन्हा भरावी लागली तरी चालेल, शेवटच्या थेंबाची चूक दहा जणांत वाटली जाते.