तर्क, यंत्र आणि झाडीची बोली

भाषेला नियम असतात, हें आपण शाळेंत शिकतों. परंतु ते नियम इतके पुरे आहेत काय, कीं ज्या यंत्राला भाषेचा गंधहि नाहीं त्यानें केवळ त्यांच्या बळावर वाक्याचा अर्थ लावावा, हा प्रश्न शाळेंत कोणी विचारीत नाहीं. तो संगणकशास्त्रज्ञांनीं विचारला. १९७२ च्या सुमारास फ्रान्समधील मार्सेय येथें कोल्मेरोएर व रूसेल यांनीं 'प्रोलॉग' ही संगणकाची भाषा घडविली, ती फ्रेंच वाक्यें यंत्रास उमगावीं या खटपटींतूनच. विधानें मांडावयाचीं, अनुमानाचे नियम द्यावयाचे आणि निष्कर्ष यंत्रानें काढावयाचा, अशी ही संगणकीय तर्काची रीत आहे. ती आपल्या देशी भाषांस लावण्याचा जो एक विचारपूर्वक प्रयत्न झाला, त्याचें परीक्षण येथें योजिलें आहे. हें परीक्षण पुण्यामुंबईच्या मराठीवर न थांबतां भंडारा जिल्ह्याच्या बोलीपर्यंत न्यावें, असा आमचा विचार आहे. कारण नियमाची खरी परीक्षा जेथें नियमकर्त्याची नजर पोहोंचली नाहीं तेथेंच होते.

'नॅचरल लँग्वेज प्रोसेसिंग : ए पाणिनियन पर्स्पेक्टिव्ह' हा इंग्रजी ग्रंथ १९९५ सालीं प्रसिद्ध झाला. विनीत चैतन्य व राजीव संगल हे त्याचे कर्ते. मुखपृष्ठावरील तिसरें नांव 'अक्षर भारती' हें व्यक्तीचें नसून त्यांच्या समुदायानें धारण केलेलें आहे. कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें हें काम वाढलें, आणि त्यांतूनच मराठीसह कांहीं भारतीय भाषांतील मजकूर हिंदी वाचकास कळेल अशा रूपांत आणणारी 'अनुसारक' ही पद्धति निघाली.

ग्रंथकारांची मूळ कल्पना आम्हांस फार मोलाची वाटते. इंग्रजींत कर्ता कोण व कर्म कोणतें हें बहुधा शब्दांच्या जागेवरून कळतें. म्हणून तिकडच्या यंत्रांस जागा मोजावयास शिकविलें गेलें. आपल्याकडे 'सीतेनें रामाला पत्र दिलें' आणि 'पत्र रामाला सीतेनें दिलें' यांत जागा बदलल्या तरी देणारी सीताच राहते. तेव्हां जागा मोजणें सोडून विभक्ति व कारक यांकडे पाहावें, आणि त्यासाठीं पाणिनीय परंपरेचा आधार घ्यावा, असें हे ग्रंथकार म्हणतात. प्रत्येक क्रियापदाची एक मागणी असते. जुन्या शास्त्रकारांनीं तिला आकांक्षा म्हटलें. ती कोणत्या कारकांची, तीं कोणत्या विभक्तींत यावीं आणि कोणत्या जातीचे पदार्थ त्या जागीं शोभतील, याचा तक्ता करून यंत्रास द्यावयाचा. 'मजुरानें विळ्यानें धान कापलें' या वाक्यांत 'नें' दोनदा आलें आहे. यंत्र विचारतें : कापणाऱ्याची जागा एक, साधनाची एक, एका जागेवर दोघांस बसवितां येत नाहीं, विळा स्वतःहून कापीत नाहीं, म्हणून मजूर हा कर्ता व विळा हें करण. हें अनुमान ज्याला वाक्य कळतें असा प्रत्येक मनुष्य नकळत करीत असतो. तें उघड करून दाखविलें, यांतच या ग्रंथाचें यश आहे.

येथें एका लोकप्रिय गैरसमजाचा समाचार घेणें प्राप्त आहे. संस्कृत ही संगणकाला सर्वांत योग्य भाषा असल्याचें अमेरिकेच्या 'नासा'नें मान्य केलें, असें घरोघर ऐकूं येतें. या वार्तेचें मूळ रिक ब्रिग्ज यांनीं १९८५ सालीं 'ए. आय. मॅगझीन'मध्यें लिहिलेल्या लेखांत सांपडतें. वाक्याचा अर्थ उकलण्याची आपल्या शास्त्रकारांची रीत आणि संगणकांत ज्ञान सांठविण्याची एक नवी रीत यांतील साम्य त्यांनीं दाखविलें. तो लेख म्हणजे एका अभ्यासकाचें मत होय, कोणत्याहि संस्थेचें प्रमाणपत्र नव्हे. अभिमानानें मान डोलावणें सोपें आहे. पाणिनीची रीत आजच्या भाषेवर चालवून पाहणें कठीण. कानपूरच्या मंडळींनीं हें दुसरें काम पत्करलें, म्हणून त्यांचें मोल अधिक.

आतां दोषांकडे वळूं. पहिला दोष असा कीं ग्रंथांतील उदाहरणांचा ओघ मुख्यतः हिंदीचा आहे. हिंदीचा तक्ता मराठीला जसाच्या तसा बसत नाहीं. हिंदी मनुष्य 'मैंने आम खाया' म्हणतो, तेव्हां 'ने' हा प्रत्यय कर्त्याची ओळख पटवितो. मराठींत 'मी आंबा खातो' व 'मी आंबा खाल्ला' या दोहोंत 'मी' सारखाच दिसतो. पहिल्यांत तो क्रियापदावर सत्ता गाजवितो, दुसऱ्यांत ती सत्ता आंब्याकडे जाते. आमच्या जुन्या लेखनांत या दुसऱ्या 'मीं'वर अनुस्वार असे व तृतीयेची ती खूण डोळ्यांस दिसे. १९६२ सालीं मान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं असे अनुस्वार गेले. त्यामुळें लिहिणाऱ्याचे श्रम वांचले, हें खरें. परंतु 'तें' व 'ते', 'केलें' व 'केले' यांतील भेदहि त्याबरोबर मिटला, आणि एका झाडाविषयीं बोलणें चाललें आहे कीं अनेक माणसांविषयीं, हें यंत्रास आतां भोंवतालच्या शब्दांवरून हुडकावें लागतें. मराठीचा तक्ता मराठीच्याच अंगणांत बसून केला पाहिजे, याचा यापरता पुरावा कोणता?

दुसरा दोष अधिक खोल आहे. आकांक्षेच्या जोडीला शास्त्रकारांनीं योग्यता सांगितली. विस्तवानें शिंपडतां येत नाहीं, म्हणून 'विस्तवानें शिंपतो' हें वाक्य अर्थबोध करीत नाहीं, असें ते म्हणत. यंत्राला ही कसोटी आवडते, कारण तिनें संशय लवकर मिटतात. परंतु 'दुष्काळानें गांव खाल्लें' असें शेतकरी म्हणतो, तेव्हां दुष्काळाला तोंड नाहीं म्हणून यंत्रानें तें वाक्य फेंकून द्यावें काय? योग्यता मोडूनच बोलण्याला धार येते. सर्व काव्य याच मोडतोडीवर जगतें. योग्यतेला आज्ञेचें स्थान न देतां सल्ल्याचें द्यावें, असें आमचें मत आहे.

तिसरी गोष्ट भंडाऱ्याची. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या भागास झाडीपट्टी म्हणतात, आणि तेथील बोली ती झाडीबोली. ग्रियर्सननें भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक खंड १९०५ सालीं काढला, तेव्हांपासून विद्वानांस पूर्वेकडील बोलींचें वेगळेपण ठाऊक आहे. झाडीबोलींत 'ण' नाहीं व 'ळ' नाहीं. 'पाणी' हें 'पानी' होतें आणि 'डोळा' हा 'डोरा'. विदर्भांत 'तो जाते' असें सर्रास कानीं पडतें. प्रमाण मराठीच्या नियमांवर पोसलेल्या यंत्रापुढें हें वाक्य ठेवा. कर्ता पुल्लिंगी, क्रियापद स्त्रीलिंगी. मेळ बसत नाहीं. वाक्य अशुद्ध, असा निकाल तें देईल. निकाल तर्कशुद्ध आहे, पण अन्यायाचा आहे. बोलणाऱ्याची चूक कांहींच नाहीं. त्याच्या बोलींत वर्तमानकाळीं क्रियापद लिंगाची पर्वा करीत नाहीं, इतकाच तेथील नियम. उद्यां साकोली-लाखांदूरचा शेतकरी पीकविम्याची चौकशी यंत्राशीं बोलून करूं लागेल, तेव्हां या निकालाची किंमत त्याला रोख मोजावी लागेल.

यावर कोणी म्हणेल कीं नियमांचा काळ आतां सरला. आजचीं यंत्रें अगणित वाक्यें वाचून स्वतःच भाषा शिकतात, आणि नियमांच्या तक्त्यांहून कितीतरी सफाईनें बोलतात. हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु अशा शिक्षणाला लिहिलेल्या मजकुराचा डोंगर लागतो. वाक्यांतील संबंध हातानें खुणावून ठेवलेला, जगभर वापरला जाणारा मराठीचा एक संग्रह २०१७ सालीं निघाला, त्यांत पांचशेंहूनहि कमी वाक्यें आहेत. मराठीची ही अवस्था, तर दंडार आणि खडी गंमत यांतून मुखोमुखीं जगलेल्या झाडीबोलीला डोंगर कोठून मिळावा? केंद्रसरकारनें २०२२ सालीं 'भाषिणी'चा उपक्रम काढला. पण अशा योजनांचा मुख्य हिशेब अनुसूचित भाषांचा असतो, बोलींचा नव्हे. शिवाय मजकुरावर पोसलेलें यंत्र 'तो जाते' याचें 'तो जातो' करून टाकील, तेव्हां असें कां केलें, या प्रश्नाचें विश्वासार्ह उत्तर त्याजपाशीं मिळणें कठीण. नियमाचें यंत्र निदान आपला नियम दाखवितें. तो चुकीचा असेल तर बोट ठेवतां येतें, आणि लिंगाची एक अट काढून टाकली कीं त्या बोलीचीं तशीं सर्व वाक्यें एकदम शुद्ध ठरतात. ज्यांच्यापाशीं मजकूर थोडा त्यांना हाच मार्ग परवडणारा आहे. आणि ज्याच्याशीं वाद घालतां येतो असा न्यायाधीशच दुबळ्याच्या उपयोगी पडतो.

मात्र त्यासाठीं नियम लिहिलेले हवेत. दादोबा पांडुरंगांनीं १८३६ सालीं मराठीचें व्याकरण छापलें, मोरो केशव दामल्यांनीं १९११ सालीं शास्त्रीय व्याकरण सिद्ध केलें. या दीर्घ परिश्रमाचें फळ प्रमाण मराठीला मिळालें. झाडीबोलीसाठीं साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं अभ्यास व शब्दकोश यांचा पाया घातला आहे. पुढचें पाऊल क्रियापदांचे तक्ते हें होय : कोणतें क्रियापद काय मागतें, कोणत्या काळीं कोणाशीं मेळ घेतें, कोणता प्रत्यय कोणतीं कामें करतो. हें काम संगणकतज्ज्ञ एकटा करूं शकणार नाहीं. जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे मराठीचे अध्यापक व घरीं ती बोली बोलणारे त्यांचे विद्यार्थी यांनीं तें हातीं घेतल्यास फार खर्चाचेंहि नाहीं. कानपूरच्या ग्रंथाचें खरें ऋण त्याची स्तुति करून फिटणार नाहीं. त्याची रीत जेथें अजून गेली नाहीं तेथें नेल्यानें फिटेल. यंत्राला तर्क शिकविणें हें शास्त्रज्ञांचें काम, पण कोणाची भाषा शुद्ध मानून शिकवावें हें ठरविणें ती भाषा बोलणाऱ्यांचें आहे.