प्रतिबिंबातला मासा

मासा आणि मराठी वाङ्मय ह्यांचा संबंध फार जुना आहे. परंतु तो कोणत्या प्रकारचा आहे, ह्याचा विचार आमच्या टीकाकारांनी फारसा केलेला दिसत नाही. द्रौपदीच्या स्वयंवरातील मत्स्यवेधाची कथा घरोघरच्या मुलांस ठाऊक असते. त्या लोकप्रसिद्ध कथेतील मासा पाण्यात नव्हता. तो वर फिरणाऱ्या यंत्रावर बसविलेला होता आणि अर्जुनाने त्याच्याकडे न पाहता खालच्या पाण्यातील त्याच्या प्रतिबिंबाकडे पाहून बाण सोडला. आमचे म्हणणे असे की, मराठी लेखकांनी आजवर बहुधा हाच मत्स्यवेध केला आहे. मासा त्यांनी पुष्कळदा नेमका टिपला. पण टिपला तो प्रतिबिंबात. लहानशा होडीत बसून, गळ टाकून, एका विशिष्ट माशाची वाट पाहणारा माणूस आमच्या गद्यात जवळजवळ सापडत नाही. ही उणीव एखाद्या हौशी विषयाची असती तर तिची एवढी चिकित्सा करण्याचे कारण नव्हते. ती आमच्या वाङ्मयदृष्टीची उणीव आहे, म्हणूनच हा प्रपंच.

प्रथम संतवाङ्मयाकडे पाहू. तुकोबांनी पांडुरंगाच्या विरहाला पाण्यावेगळ्या झालेल्या मासोळीची उपमा दिली, ती मराठी मनातून पुसली जाणे शक्य नाही. पाण्याला 'जीवन' म्हणणाऱ्या भाषेत ह्याहून उचित उपमा सुचणेही कठीण. एकादशस्कंधातील अवधूताने जे चोवीस गुरू केले, त्यांत मीनही आहे. रसनेच्या लोभाने जीव गळाला कसा लागतो, हे त्या गुरूपासून शिकावयाचे. नाथांनी आपल्या भागवतात हा प्रसंग मराठीत आणून सर्वांस सुगम केला. ही सारी दृष्टी माशाच्या बाजूची आहे, आणि तिच्यातील करुणा व विवेक आम्हांस वंदनीयच वाटतात. तथापि दोरीच्या एका टोकाला जीव असेल, तर दुसऱ्या टोकालाही एक जीव आहे, हे येथे विसरले जाते. दोरी धरून बसलेला तो मनुष्य कोण, त्याची चूल कशी पेटते, माशाचा स्वभाव त्याने कोठून जाणला, हे प्रश्न संतांच्या कार्यात बसणारे नव्हते. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. दोष द्यावयाचा तो पुढील गद्यलेखकांस, ज्यांना हे प्रश्न पडावयास हरकत नव्हती.

ते का पडले नाहीत, ह्याचे उत्तर मत्स्यगंधेच्या कथेतच आहे. सत्यवती ही धीवरकन्या. ती यमुनेवर नाव चालवीत असे आणि तिच्या अंगाला माशांचा वास येई. पराशर ऋषी तिच्या नावेत बसले आणि त्यांच्या वराने तो वास जाऊन तेथे सुगंध आला. वसंत कानेटकरांच्या 'मत्स्यगंधा' (१९६४) ह्या नाटकाने ही कथा मराठी रंगभूमीवर लोकप्रिय केली. आमच्या अभिजनांच्या वाङ्मयाची रीत ह्याहून निराळी नाही, असे आम्हांस वाटते. धीवराच्या मुलीला आत घ्यावयाचे खरे. पण आधी तिचा वास घालवावयाचा. नाव राहते, नदी राहते, चांदणेही राहते. राहत नाही तो तिच्या बापाचा धंदा.

ही परंपरा आपल्या भूमीत पूर्वी नव्हतीच, असे मात्र कोणी म्हणू नये. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गात, हा त्यातील उल्लेख आमच्या वाङ्मयेतिहासकारांनी मोठ्या अभिमानाने उद्धृत केला आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे एक प्रकरण आहे, त्याकडे त्याच आस्थेने कोणी वळलेले दिसत नाही. समुद्रातील मासे कोणते व नदीतील कोणते, खवल्यांचे कोणते व बिनखवल्यांचे कोणते, कोणत्या माशाला कोणते खाद्य रुचते, गळ व दोरी कशी असावी, ह्याचे त्यात पद्धतशीर विवेचन आहे. हे सर्व राजाच्या करमणुकीसाठी लिहिलेले आहे हे मान्य. तरी ते प्रत्यक्ष पाण्याकडे पाहून, किंवा निदान पाण्याकडे पाहणाऱ्यांस विचारून लिहिलेले आहे, हे कोणाही वाचकास पटेल. ओवीसाठी आम्ही हा ग्रंथ उघडला आणि माशापाशी येताच मिटला.

पाश्चात्त्य वाङ्मयात हा प्रवाह तुटला नाही. आयझॅक वॉल्टन हा लंडनचा व्यापारी. विद्यापीठाचा पंडित नव्हे. राजा पहिला चार्ल्स ह्याचा शिरच्छेद १६४९ साली झाला, आणि त्यानंतर चारच वर्षांनी, १६५३ साली, देश अस्वस्थ असताना वॉल्टनने गळाने मासे धरण्याच्या कलेवरील आपला संवादात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पाइक नावाच्या माशावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. हा मासा आपल्याकडे नाही. तो उत्तरेकडील थंड पाण्यातला. अंग लांबट, तोंड बदकाच्या चोचीसारखे चपटे, पाठीचा पर पार शेपटीजवळ. पाणवनस्पतींच्या आडोशाला तो निश्चल उभा राहतो आणि भक्ष्य टप्प्यात येताच बाणासारखा सुटतो. वॉल्टन त्याला गोड्या पाण्यातील जुलमी राजाची पदवी देतो. त्याची दंतकथा सांगतो, त्याला भाजण्याची कृतीही सांगतो. आणि आमिषासाठी बेडूक गळाला लावताना त्याला शक्य तितके कमी दुखवावे, असे बजावतो. त्या एका सूचनेत दया आणि निर्दयता अशा शेजारी बसल्या आहेत की, मनुष्यस्वभावावरील एखाद्या निबंधाने जे साधणार नाही, ते तेथे सहज साधले आहे.

मग आमच्या पाण्यात असे काही नाही काय? आहे. वऱ्हाडातील नद्यातलावांतला मरळ पाइकच्या कुळाचा नव्हे. पण वृत्तीने त्याचा भाऊच शोभेल. सापासारखे डोके, लांबट देह, गवताच्या आडोशाला दबा धरून बसण्याची तीच रीत. शिवाय त्याच्यापाशी एक गुण अधिक आहे. तो पाण्यावर येऊन हवा घेतो. म्हणून कोंडलेल्या, सडलेल्या पाण्यात इतर मासे मेले तरी तो तग धरतो. त्याच्या पिलांचा थवा पाण्याच्या पृष्ठभागी गोळ्याने फिरतो आणि खाली आईबाप पहारा करतात. त्या थव्याजवळ बेडूक टाकला, तर पहारा करणारा मरळ त्यावर तुटून पडतो; भुकेने नव्हे, पिलांच्या रक्षणासाठी. डोंग्यात बसलेल्या भोयाला हे ठाऊक असते. त्या क्षणी गळ टाकावा की डोंगा पुढे न्यावा, ह्याचा निर्णय त्याने करावयाचा असतो. आणि गळ टाकला तर पिले उघडी पडतात, हेही त्याला ठाऊक असते. ज्या वाङ्मयाला एवढा प्रसंग घरच्या नदीत उपलब्ध असताना दिसला नाही, त्याने आपल्या दृष्टीची तपासणी करावयास नको काय?

मराठी भाषेला हा विषय पेलणार नाही, ही सबबही चालण्यासारखी नाही. हेमिंग्वेची १९५२ सालची प्रसिद्ध दीर्घकथा पु. ल. देशपांडे ह्यांनी १९६५ साली 'एका कोळियाने' ह्या नावाने मराठीत आणली. ८४ दिवस मासा न मिळालेला म्हातारा सांतियागो, होडीहून दोन फूट लांब असा तो मासा, हाताला कापणारी दोरी, आणि शेवटी शार्कांनी फाडून नेलेले यश, हे सारे मराठी वाचकाने आपलेसे केले. नाव तर फारच मार्मिक. कोळी म्हणजे मासे धरणारा आणि कोळी म्हणजे पुनःपुन्हा पडून पुनःपुन्हा चढणारा, शाळेच्या कवितेतला जाळे विणणारा जीवही. म्हाताऱ्याची चिकाटी ह्या एका श्लेषात आली. परंतु ह्याच श्लेषात आमची जुनी सवयही डोकावते. कोळी म्हटले की मराठी मनाला जाळे आठवते. आणि सांतियागोपाशी त्या झुंजीत जाळे नाही, दोरी आहे. जाळ्यात मासे सापडतात. दोरीवर एक मासा आणि एक माणूस समोरासमोर येतात. कथेचा सारा प्राण ह्या भेदात आहे. शिवाय वऱ्हाडातील वाचकाला 'कोळी' ह्या शब्दासरशी कोकणचा समुद्र दिसतो. त्याच्या स्वतःच्या नदीवर मासे धरणारा तो भोई, आणि पूर्वेकडे गेल्यास ढीवर. म्हणजे क्यूबाचा म्हातारा मराठीत आला, पण मोर्णेचा भोई अजून मराठीत यावयाचाच आहे.

ह्या बाबतीत ज्याने खरी वाट दाखविली, तो लेखक दीर्घकाळ विदर्भातच राहिला. कै. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) हे वनाधिकारी. त्यांनी नवेगावबांधच्या तलावाकाठी राहून, गोंड, ढीवर अशा लोकांचे ऐकून, पाखरांची, झाडांची व जलचरांची नावे आणि त्यांच्या सवयी मराठी गद्यात आणल्या. त्यांच्या लेखनात कधी कधी माहितीचा भार कथनावर पडतो, हे आम्हांस नाकारता येत नाही. तथापि त्यांचा मोठेपणा असा की, ज्ञान कोणाचे आहे हे ते विसरत नाहीत. अभ्यासक सांगतो आणि आदिवासी ऐकतो, अशी आपल्या प्रवासवर्णनांची रीत. त्यांनी ती उलटी केली.

येथे एक आक्षेप येईल. वारकऱ्यांच्या व महानुभावांच्या ह्या प्रांतात जीवहिंसेचे कौतुक वाङ्मयाने का करावे? आक्षेप प्रामाणिक आहे. बायरननेही वॉल्टनला क्रूरतेबद्दल धारेवर धरले होते. परंतु आमच्याच जिल्ह्याशेजारच्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी तेराव्या शतकात जे लीळाचरित्र सिद्ध केले, त्यातील सशाची लीळा पाहावी. पारध्यांच्या कुत्र्यांपासून पळालेला ससा चक्रधरस्वामींच्या आश्रयाला येतो. ती लीळा मनाला भिडते. कारण तेथे पारधीही माणसे म्हणून उभे आहेत, बोलतात, आणि त्यांच्याशी माणसांसारखे बोलले जाते. ज्याला दया शिकवावयाची, त्याला आधी पाहावे लागते. न पाहता केलेली दया हीही एक प्रकारची उपेक्षाच होय.

हा विचार पुढे ढकलण्यासारखा नाही, ह्याचे कारण आमच्या दारातच आहे. अकोल्याचे जुने शहर मोर्णेच्या पश्चिम काठावर वसले. असदगडाच्या भिंती त्याच काठावर आहेत. राजराजेश्वराला श्रावणात जलाभिषेक करण्यासाठी मात्र कावडधारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी खांद्यावर आणतात. ती परंपरा भक्तीची आहे आणि आम्हांस ती प्रिय आहे. पण दूरच्या नदीसाठी जे खांदे पुढे होतात, ते जवळच्या नदीसाठी किती झाले, हा प्रश्न उरतो. शहराच्या सांडपाण्यावर जलकुंभी माजली आणि मोर्णेचे पात्र हिरवे झाले. जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकर ती काढण्यासाठी पात्रात उतरले, ही अभिमानाची गोष्ट. पण सांडपाणी वाहते तोवर जलकुंभीचे मूळ जात नाही. अशा पाण्यात हवा घेणारा मरळ कदाचित राहील. डोंगा चालणार नाही. आणि डोंगा थांबला की त्याच्याबरोबर डोहांची नावे, माशांची वऱ्हाडी नावे, कोणत्या महिन्यात कोणता मासा कोठे असतो हे शहाणपण, सारेच थांबते. हे शब्द कोशात नाहीत. ते वृद्ध भोयांच्या तोंडी आहेत, आणि वृद्ध माणसे वाट पाहत नाहीत.

म्हणून आमची अपेक्षा दोन प्रकारची आहे. जो सुशिक्षित लेखक आहे, त्याने घाटावरून उठून होडीत बसावे. कल्पनेच्या नव्हे, खऱ्या होडीत, जेथे फळीवर पाय आपटला तर मासा पळतो आणि उभे राहिले तर सावली पाण्यावर पडते. आणि ज्या घरांत वल्हे पिढ्यान्‌पिढ्या चालले, त्या घरांतील शिकलेल्या मुलामुलींनी आपल्या आजोबांचे ज्ञान लाजेने झाकू नये. ते आपल्या बोलीत, आपल्या नावाने लिहावे. पहिल्या प्रकारचे लेखन चांगले झाले तर आम्ही त्याचे स्वागत करू. पण खरा ग्रंथ दुसऱ्या प्रकारातूनच येईल, आणि तो आला म्हणजे त्यात माशाचा वास असेल. तो वास घालविण्याचा वर मागण्यासाठी त्या लेखकाने कोणाही पराशराकडे जाऊ नये, एवढेच आमचे सांगणे आहे.