बंदूक आणि प्रश्न

अमेरिकेतील बंदूक-नियंत्रणाचा वाद आपल्याकडे बहुधा दुसऱ्या घटनादुरुस्तीपुरता, म्हणजे शस्त्र बाळगण्याच्या हक्कापुरता मांडला जातो. ही मांडणी मला अपुरी वाटते. पहिल्या घटनादुरुस्तीने दिलेले अभिव्यक्तिस्वातंत्र्यही या वादात पणाला लागलेले आहे.

उपचाराशी वा सुरक्षिततेशी संबंध असल्याखेरीज, घरात बंदूक आहे का, असे डॉक्टरांनी रुग्णाला विचारू नये, असा कायदा फ्लोरिडा राज्याने २०११ मध्ये केला. बंदूकधारकांच्या खासगीपणाचे रक्षण हा त्याचा सांगितलेला हेतू. पण संबंध आहे की नाही, हे ठरवणार कोण? चुकल्यास दंड आणि परवान्यावर गदा. मग लहान मुलांच्या घरी औषधे कुठे ठेवता, हे डॉक्टर विचारणार. बंदुकीबद्दल मात्र गप्प राहणार.

२०१७ मध्ये संघीय अपील न्यायालयाने ही बंदी रद्द केली. डॉक्टरने विचारल्याने कोणाची बंदूक जात नाही आणि रुग्ण उत्तर नाकारू शकतो. केवळ बंदूक बाळगतो म्हणून रुग्णाशी भेदभाव करू नये, ही तरतूद न्यायालयाने ठेवली, तेही योग्यच.

संशोधनाचेही असेच झाले. १९९६ मध्ये अमेरिकी संसदेने रोगनियंत्रण केंद्राचा निधी बंदूक-नियंत्रणाच्या पुरस्कारासाठी वापरण्यास मनाई केली. संशोधनावर शब्दशः बंदी नव्हती. तरीही ‘पुरस्कार’ म्हणजे नेमके काय, या धास्तीने केंद्राचे त्या विषयावरील काम दोन दशके जवळजवळ थंडावले.

अशा कायद्यांची चिकित्सा करताना त्यांच्या धाकाने कोणते प्रश्न विचारायचे राहून गेले, हेही पाहिले पाहिजे.