क्लाउड कॉम्प्युटिंगची त्रिस्तरीय मांडणी : एक चिकित्सा

क्लाउड कॉम्प्युटिंगची रचना विशद करताना पीटर मेल व टिमोथी ग्रान्स यांनी अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेसाठी सप्टेंबर २०११ मध्ये केलेली व्याख्या सर्वसाधारणपणे प्रमाण मानली जाते. तिच्यानुसार सेवेचे तीन स्तर संभवतात : पायाभूत सुविधा, प्लॅटफॉर्म व सॉफ्टवेअर. पहिल्या स्तरावर ऑपरेटिंग सिस्टीम, साठवण व अ‍ॅप्लिकेशन यांचे नियंत्रण ग्राहकाकडे राहते. दुसऱ्यावर मुख्यतः स्वतःच्या अ‍ॅप्लिकेशनचे. तिसऱ्यावर मोजक्या सेटिंगपलीकडे काहीच उरत नाही.

नियंत्रणाची ही सुस्पष्ट विभागणी हे या मांडणीचे बलस्थान होय. मात्र स्तरांचे परस्परावलंबन तिच्यात दुर्लक्षित राहते. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातील 'एस-थ्री' साठवण सेवेत एक आज्ञा चुकीची दिली गेल्याने अपेक्षेपेक्षा अधिक सर्व्हर बंद झाले. परिणामी तिच्यावर आधारलेल्या अनेक सेवा काही तास विस्कळीत झाल्या. वरच्या स्तरावरील ग्राहकाला तळाचा दोष दिसत नाही, तरी त्याचे परिणाम त्यालाच भोगावे लागतात.

सारांश, या मांडणीतून नियंत्रणाचे वाटप कळते. जोखमीचे वाटप कळत नाही. म्हणून विद्यार्थ्यांच्या नोंदी क्लाउडवर ठेवणाऱ्या महाविद्यालयांनी सेवा कोणत्या तळावर उभी आहे व स्वतंत्र प्रत कोठे राहील, हे करारातच स्पष्ट करून घेणे अगत्याचे ठरते.