एकच प्रकल्प पाहिला, तर रांग दिसत नाही

पेट झाली, मुलाखत जवळ आली, की संशोधन आराखड्यासाठी विषयाची शोधाशोध सुरू होते. अर्थशास्त्र, सार्वजनिक धोरण किंवा स्थापत्य यातलं काही करत असाल, तर ‘मोठे प्रकल्प का रखडतात?’ हा विषय हमखास सुचतो. मग कुणीतरी बेंट फ्लायव्हबर्ग आणि डॅन गार्डनर यांचं ‘हाउ बिग थिंग्ज गेट डन’ (२०२३) हातात देतं. मलाही असंच मिळालं आणि मी दोन रात्रींत वाचून काढलं. पुस्तक चांगलंच आहे. पण ते जसंच्या तसं आपल्या धरणांना लावलंत, तर एक मोठी गोष्ट निसटते. माझ्याकडून ती निसटली होती, म्हणून हे लिहितोय.

आधी पुस्तक काय म्हणतं ते बघू. लेखकांकडे सोळा हजारांहून जास्त प्रकल्पांची माहिती आहे. त्यातले खर्च आणि वेळ दोन्ही पाळणारे फक्त ८.५ टक्के. ठरलेला फायदाही देणारे धरले, तर उरतात ०.५ टक्के. कारणं दोन: माणसाचा भाबडा आशावाद आणि मंजुरीसाठी मुद्दाम कमी दाखवलेला खर्च. उपाय असा, की आखणी सावकाश करा आणि बांधकाम झटपट उरका. काम जितकं लांबेल, तितकी नवी विघ्नं यायला जागा मिळते. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग आणि सिडनीचं ऑपेरा हाउस ही त्यांची चांगली आणि वाईट उदाहरणं.

आता हे गोसेखुर्दला लावून बघा. वैनगंगेवरच्या या प्रकल्पाला १९८३ साली ३७२ कोटींची मंजुरी मिळाली. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं, २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि सुधारित खर्च १८ हजार कोटींच्या पुढे गेला. फ्लायव्हबर्गच्या सिद्धांतासाठी तयार उदाहरणच! माझा पहिला आराखडा हाच होता.

सल्लागार समितीपुढे तो मांडला, तेव्हा एका बाईंनी एवढंच विचारलं, ‘‘ज्या वर्षी तुमच्या प्रकल्पाला पैसे कमी पडले, त्या वर्षी बाकीच्या किती प्रकल्पांना पैसे वाटले गेले?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

का पडला नाही? कारण पुस्तकाचं एकक ‘एक प्रकल्प’ आहे. एम्पायर स्टेट बिल्डिंगला शेजारच्या इमारतीबरोबर एकाच तिजोरीतून पैसे वाटून घ्यायचे नव्हते. आपल्या धरणांना ते घ्यावे लागतात.

एक सोपं गणित करू, कागद घ्या. समजा दहा प्रकल्प आहेत, प्रत्येकी १०० कोटींचे, आणि दरवर्षी हातात १०० कोटीच येतात. एकामागून एक केले, तर दरवर्षी एक प्रकल्प पुरा होतो. पहिला पुढची नऊ वर्षं पाणी देतो, दुसरा आठ वर्षं, असं करत दहा वर्षांत एकूण ४५ ‘प्रकल्प-वर्षं’ पाणी मिळतं. दहाही एकदम सुरू केले आणि प्रत्येकाला वर्षाला दहा-दहा कोटी दिले, तर सगळे दहाव्या वर्षाच्या शेवटी पुरे होतात. त्या काळात मिळालेलं पाणी शून्य!

आता गंमत बघा. वर्षाचा खर्च दोन्हीकडे सारखाच आहे. म्हणजे तुम्ही फक्त खर्चवाढ मोजलीत, तर हे नुकसान तुमच्या तक्त्यात दिसणारच नाही. ते शेतकऱ्याच्या बांधावर दिसेल. माझा पुस्तकावरचा मुख्य आक्षेप हाच आहे. ‘झटपट उरका’ हा सल्ला बरोबर आहे, पण झटपट उरकण्यासाठी बाकीच्यांना थांबवावं लागतं. कुणाला थांबवायचं, याबद्दल तो काही सांगत नाही.

मग सरकारला हे साधं गणित कळत नव्हतं का? कळत होतं. पण रांग लावण्याचीही किंमत असते. कृष्णा खोऱ्यात बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी पाणी दिलं होतं आणि ३१ मे २००० नंतर वाटपाचा फेरविचार होऊ शकत होता. हक्काचं पाणी त्याआधी अडवायचं, म्हणून १९९६ मध्ये महामंडळ स्थापन झालं, कर्जरोखे काढले गेले आणि कामांचा धडाका लागला. दुसरीकडे, १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून अनुशेषाचा प्रश्न ऐरणीवर होता. ‘आधी एकाचं पुरं करू, मग तुमचं’ हे विदर्भातल्या माणसाने कशाच्या भरवशावर ऐकायचं? ज्याचा नारळ फुटला नाही त्याचा नंबर कधीच लागत नाही, हा अनुभव असेल, तर आधी नारळ फोडून घेणं शहाणपणाचंच ठरतं. तो नुसता भाबडा आशावाद नव्हे.

प्राधान्यक्रम लावायचा प्रयत्न झालाच नाही असंही नाही. २०१६-१७ मध्ये केंद्राने देशातले ९९ रखडलेले सिंचन प्रकल्प निवडले. त्यातले २६ महाराष्ट्रातले होते. नाबार्डमध्ये दीर्घ मुदतीचा सिंचन निधी उभारला आणि डिसेंबर २०१९ ची मुदत ठेवली. सगळे त्या मुदतीत झाले नाहीत. तरी यादी करणं हे योग्य पाऊल होतं, असं मला वाटतं. फक्त ‘काम जास्त झालंय त्याला आधी’ हा निकष तपासून घ्या. त्यात पाणी लवकर मिळतं हे खरं, पण ज्याला पूर्वी राजकीय वजनामुळे जास्त पैसे मिळाले, तोच पुन्हा पुढे जातो. जुना अन्याय नव्या यादीत निमूटपणे शिरतो.

तुमच्या आराखड्यासाठी तीन गोष्टी सांगतो. पहिली: ‘३७२ चे १८ हजार, म्हणजे जवळपास पन्नास पट’ असं लिहू नका. त्यात महागाई किती, भूसंपादनाचे दर किती, वाढीव काम किती, हे वेगळं करा. फ्लायव्हबर्गच्या मोजणीवर पीटर लव्ह आणि सहकाऱ्यांनी घेतलेला आक्षेपही याच जातीचा आहे: कुठल्या अंदाजापासून मोजता, त्यावर उत्तर ठरतं. दुसरी: प्रकल्पाचा वर्षनिहाय खर्च काढाल, तेव्हा त्याच महामंडळाच्या बाकीच्या प्रकल्पांचाही काढा. काम कंटाळवाणं आहे, पण रांग तिथेच दिसते. तिसरी: सगळं खापर निधीवर फोडू नका. गोसेखुर्दमध्ये पुनर्वसन आणि कालव्यांच्या कामाचा दर्जा हेही प्रश्न होते. पैसे वेळेवर मिळाले असते, तरी ते आपोआप सुटले नसते.

पुस्तक वाचाच. पण वाचताना बाजूच्या कोऱ्या जागेत प्रत्येक उदाहरणापाशी एक प्रश्न लिहा: हा वेळेत पुरा व्हावा म्हणून कोण थांबलं? मी माझा आराखडा त्या प्रश्नापासून पुन्हा लिहिला. सहा महिने गेले, पण आता निदान समितीतल्या बाईंसमोर बसायची भीती वाटत नाही.