उसन्या ओठांची इंग्रजी

जपानी ॲनिमेच्या इंग्रजी डबिंगविषयी रसिकांत वर्षानुवर्षे जो वाद चालत आला आहे, तो मुख्यतः इमानाचा वाद आहे. मूळ संहितेतले काय गाळले आणि पदरचे काय घातले, याचीच झडती त्यात घेतली जाते. झडती घेण्याजोगे गुन्हे पूर्वी घडले, हे नाकबूल करण्यात अर्थ नाही. दिग्दर्शक मियाझाकींच्या ‘नौसिका’ या चित्रपटाची वीस मिनिटांहून अधिक काटछाट करून १९८५ साली तो ‘वॉरिअर्स ऑफ द विंड’ या नावाने अमेरिकेत उभा करण्यात आला. त्याच साली कार्ल मॅसेक यांनी परस्परांशी सुतराम संबंध नसलेल्या तीन मालिका जोडून ‘रोबोटेक’ नावाची ८५ भागांची एकच वंशावळ सिद्ध केली. आणि पुढे ‘पोकेमॉन’च्या इंग्रजी अवतारात, समुद्रशैवलाची काळी पट्टी लावलेला भाताचा त्रिकोणी गोळा पडद्यावर ढळढळीत दिसत असताना, पात्र त्याला जेली भरलेला डोनट म्हणून मोकळे झाले. (मॅसेक यांचा उद्योग मला सर्वस्वी निंद्य वाटत नाही; अमेरिकेतल्या दैनिक प्रक्षेपणास निदान ६५ भाग लागत, आणि त्या तिहींपैकी ‘मॅक्रॉस’चे होते अवघे ३६.)

हा दावा आता बहुतांशी निकालात निघाला आहे. हल्लीचे संवाद सामान्यतः मूळ मजकुराबरहुकूम असतात, पात्रांची नावे शाबूत राहतात. आणि तरीही कित्येक मालिका ऐकताना, समोरासमोर उभ्या असलेल्या पात्रांच्या कानांवर एकमेकांचे बोलणे पडलेच नसावे, असा भास होतो. दोष भाषांतराचा नसून ध्वनिमुद्रणाच्या रीतीचा आहे. जपानमध्ये परंपरेने सारी नटमंडळी एकाच दालनात जमतात आणि तीन-चार मायक्रोफोनांपुढे आळीपाळीने येत, हातातल्या संहितेचे पान न वाजू देता, एकमेकांच्या श्वासावर आपला श्वास बेततात. इंग्रजी नट बंद कक्षात एकटा असतो. हेडफोनमध्ये ठरावीक अंतराने तीन बीप वाजतात. चौथा जिथे वाजायला हवा होता, नेमक्या त्या क्षणी त्याने तोंड उघडावयाचे, एखाददुसरी ओळ म्हणावयाची आणि थांबावयाचे. ज्याला तो उत्तर देतो आहे त्याचे इंग्रजी वाक्य कदाचित अजून मुद्रितच झालेले नसते.

त्यात जपानी वाक्य आपल्या मराठी वाक्याप्रमाणेच क्रियापद अखेरीस ठेवणारे. होकार की नकार, हे शेवटच्या अक्षरांपर्यंत झाकून ठेवता येते, आणि चेहऱ्यावरचा बदल त्याच अक्षरांच्या बेताने रेखाटलेला असतो. इंग्रजी वाक्य आपला नकार आरंभीच जाहीर करून बसते. तेव्हा अर्थाचा भार शेवटास येईल आणि ओठ मिटताच शब्दही संपतील, अशा बेताने वाक्य नव्याने रचणारा रूपांतरकार हाच या कलेचा खरा कारागीर होय, जरी श्रेयनामावलीत त्याच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. ‘स्पीड रेसर’मध्ये पीटर फर्नांडिस यांनी संवादलेखन, दिग्दर्शन आणि नायकाचा आवाज ही तिन्ही कामे स्वतःच्या शिरावर घेतली; त्या मालिकेतले धापा टाकणारे बोलणे पुढे चेष्टेचा विषय झाले खरे, पण ते हलत्या जबड्यांत शब्द कोंबण्याच्या निकडीतून जन्मले होते.

या रीतीतही काय साधता येते, याचा दाखला ‘काउबॉय बीबॉप’. मेरी एलिझाबेथ मॅकग्लिन यांच्या दिग्दर्शनाखाली स्टीव्ह ब्लम यांनी नायक स्पाइकला दिलेला आवाज अर्धवट झोपेतला, वाक्याच्या टोकाशी किंचित खाली बसणारा आहे. तो मूळ नट कोइची यामादेरा यांची नक्कल करीत नाही, त्यांच्याहून थोडा थकलेला वाटतो, आणि म्हणूनच मला अधिक पटतो. डबिंगला दुय्यम लेखणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, एडी मर्फी आणि जिम कॅरी जपानी प्रेक्षकांना ज्यांच्या आवाजात ऐकू येतात, ते हेच यामादेरा.

डिस्नेने इंग्रजीत उतरविलेल्या घिब्ली स्टुडिओच्या चित्रपटांना पैसा आणि सवड लाभली, पण शांततेवर विश्वास लाभला नाही: ‘स्पिरिटेड अवे’च्या अखेरीस जपानी आवृत्तीत मोटार निमूट निघून जाते, तर इंग्रजीत वडील नव्या शाळेचा विषय काढतात आणि नायिका चिहिरो धीराचे उत्तर देते.

आता तर सवडही उरलेली नाही. २०१४ पासून फनिमेशन या ॲनिमे-वितरक कंपनीने जपानी प्रक्षेपणानंतर अवघ्या काही आठवड्यांत इंग्रजी भाग देण्याचा प्रघात पाडला. पुढे ती कंपनी आणि त्याच व्यवसायातील क्रंचीरोल या दोहोंची मालकी सोनीकडे गेली, आणि नटाला दाद मागण्यासाठी दुसरे दार शोधणे अधिकच कठीण झाले. एकट्याने बोलणारा नट बदलणेही सोपे. त्याच्या जाण्याने कोणाचीच तालीम मोडत नाही. ‘मॉब सायको १००’च्या दोन पर्वांत नायक मॉबला आवाज देणारे काइल मॅकार्ली यांनी २०२२ साली, पुढील कामांच्या करारनाम्यांबाबत क्रंचीरोलने कलावंतांच्या संघटनेशी निदान बोलणी करावीत, एवढीच अट घातली. ती मान्य झाली नाही, आणि तिसऱ्या पर्वात मॉबच्या तोंडी दुसऱ्याच नटाचा आवाज बसला.