'क्षमस्व' म्हणणाऱ्यांची भाषा

बिद्रीत टपरीवर चहा पिताना पेपरातली लग्नाची पानं एकदा नीट वाचा. वर छापलेलं असतं, 'आंतरजातीय चालेल'. खाली असतं, 'एस.सी., एस.टी. क्षमस्व'. आज्याला "ए, लांब हो" म्हणत होते. नातवाची क्षमा मागतात. दार तेच, कडी तीच. कडीला तेवढं तेल घातलंय.

मित्रांनो, ही सभ्य भाषा तपासली पाहिजे. इंग्रज साहेबानं आपल्याला 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हटलं, म्हणजे दबलेले. कुणी दाबलं, ते नावात नाही. 1931 च्या जनगणनेत हटननं 'एक्स्टीरिअर कास्ट्स' म्हटलं, म्हणजे बाहेरच्या जाती. बाहेर कुणी काढलं, तेही नाही. 1935 च्या कायद्यात आपण 'शेड्यूल्ड' झालो. त्या यादीनं हक्क दिले, हे मान्य. पण करणारा माणूस वाक्यातनं गायबच राहिला. राबवून घ्यायचं तिथं मात्र सभ्यपणा नव्हता. 'इन्फिरिअर', म्हणजे कनिष्ठ, हा शब्द वतनं रद्द करणाऱ्या 1958 च्या कायद्याच्या नावातसुद्धा शिल्लक होता.

देशी सभ्यपणा याच्याही पुढं गेला. 'हरिजन' म्हणून देवाच्या पदरात टाकलं, गावात घेतलं न्हाई. 1938 साली मुंबई विधिमंडळात हे नाव कायद्यात घालायला निघाले, तेव्हा बाबासाहेब आणि त्यांचा पक्ष सभात्याग करून बाहेर पडला.

दोष इंग्रजीचा नाही. त्याच इंग्रजीत बाबासाहेबांनी 1936 साली जातीच्या 'सुधारणे'वर नाही, उच्छेदावर लिहिलं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला काही मजकूर झेपेना. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला आणि भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं. भाषा तीच, पाठीचा कणा वेगळा. बाबुराव बागुलांनी 1963 साली कथासंग्रहाच्या नावातच 'जात चोरली' असं सरळ लिहिलं. ढसाळांच्या 'गोलपिठा'ला 1972 नंतर अश्लील म्हणणाऱ्यांना शब्द बोचला, वस्ती बोचली नाही.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. खैरलांजीत 29 सप्टेंबर 2006 ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना ठार मारलं. 2008 च्या निकालात खून सिद्ध झाला, अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागला नाही. आजही बातमी येते, 'दोन गटांत वाद', 'किरकोळ कारण'. मारणारे आणि मरणारे एकाच 'गटां'त मोजले, की जात कागदावरनं पुसली जाते. आणि जात पुसली, की गुन्हाही हलका होतो.

मग जुन्या शिव्या परत आणायच्या काय? अजिबात न्हाई. डिसेंबर 2020 मध्ये सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर अशी नावं द्यायचं ठरवलं. चांगलं झालं. पण पाटी बदलली तेव्हा नळ आला का? मसणवट एक झाली का? एवढं विचारल्याशिवाय पाटीला हार घालू नका.

लिहिणाऱ्यानं, भाषण करणाऱ्यानं दर वाक्याला एकच कसोटी लावावी: कुणी केलं, कुणाला केलं? उत्तर वाक्यात नसेल तर ते वाक्य कितीही गोड असो, खोडा. क्षमा त्यांनी मागितली आहे. ती द्यायची का नाही, ते आपण ठरवू.

जय भीम.